पेरू-सात

पुणे,
मंगळवार, १३ जानेवारी २०२६

प्रिय दीक्षा,

तू बरी असशील, तुझे आईबाबा बरे असतील, असं धरून चालते. माझं अक्षर पाहून कपाळाला आठी पडली असेल तर ती तशीच राहू दे, पण पत्र फाडायच्या आधी निदान हे पान वाच. लॅब सोडलीस तेव्हापासून फोनवर तू मला ब्लॉक केलं आहेस, म्हणून पोस्टाचा आसरा घेतला. तुझा कर्वेनगरचा पत्ता माझ्या जुन्या डायरीत होता. अभिनव सांगत होता की तू आता खराडीला एका औषधकंपनीचे अहवाल लिहितेस आणि रोज दोन बस बदलून जातेस. बसमध्ये बसल्या बसल्या मळमळणाऱ्या मुलीने पुण्याच्या दुसऱ्या टोकाची नोकरी धरावी याचं नवल वाटलं. मग वाटलं, नवल वाटून घेणारी मी कोण?

बातमी एकच आहे. पेरू-सात सापडला.

शुक्रवारी मोठ्या फ्रीझरमधला बर्फ काढायचा होता. दोन वर्षांतून एकदा येणारा हा आपल्या लॅबचा सण तुला माहीत आहे, हातमोजे घालूनसुद्धा बोटं आपली वाटेनाशी होतात. महिपतीकाकांनी अगदी तळातून एक डबा काढला आणि माझ्यापुढे धरला. "ताई, ह्यो डबा कुनाचा हाय? वर नाव अभिनवचं, अन् आतलं अक्षर दीक्षाताईंचं दिसतंय." आत अभिनवच्या बारा नळ्या होत्या आणि कोपऱ्यातल्या खाचेत तुझी एक. निळी शाई, मुंगीएवढं अक्षर. पेरू-७, २२ जून २०२४. त्या पावसाळ्यात फ्रीझर बंद पडला आणि सगळ्यांनी डबे इकडून तिकडे पळवले, त्या गडबडीत ती तिथे गेली असणार. जी नळी तू दोन दिवस रडत शोधलीस, ती सगळा वेळ तुझ्या गुडघ्याच्या उंचीवर होती.

काकांनी नळी उजेडात धरून बघितली. "चांगली पोरगी व्हती," म्हणाले. मी बर्फ खरवडत राहिले.

ती माती आणायला आपण दोघी गेलो होतो, आठवतं? कात्रजला, तुझ्या मावशीच्या घरामागे. पेरूच्या झाडाखाली तू चमच्याने उकरत होतीस आणि मावशी वरून म्हणत होत्या, "पुण्यात माती मिळत नाही का, माझ्या झाडाच्या मुळाशी का लागलात?" त्या मातीतून तू चोवीस जीवाणू वेगळे केलेस आणि त्यातल्या सातव्याने सगळ्या लॅबला वेड लावलं. प्लेटभर रोगजंतू पसरलेले आणि त्यांच्या मधोमध सातने आपल्याभोवती राखलेलं स्वच्छ, मोकळं वर्तुळ. मॅडमनी त्याचा फोटो भिंतीवर लावला होता. उत्कर्षा मॅडमनी भिंतीवर काही लावणं ही केवढी गोष्ट आहे, ते आपल्यालाच कळेल.

आणि मग ते वर्तुळ पुन्हा आलंच नाही. तू तीन वेळा केलंस, तीनही वेळा रोगजंतू खुशाल सातच्या अंगावर वाढले. "मग फोटो कशाचा होता?" एवढंच मॅडमनी विचारलं. बाकीचं, म्हणजे फोटो तू बनवलास हे, कॅन्टीनने ठरवून टाकलं.

काल सोमवारी त्या नळीतला सात मी प्लेटवर लावला. सातला उगवायला पुरा आठवडा लागतो, त्याला घाई नसते. वर्तुळ आलं तर तू खरी होतीस आणि आम्ही सगळे खोटे. नाही आलं तरी तू खरीच होतीस, हे मला माहीत आहे. कसं माहीत आहे, ते आत्ता नको. प्लेट उगवू दे.

माझं म्हणशील तर आठवडा अजून तसाच फिरतो. सोमवारी सगळे जीवाणू जुन्या प्लेटवरून नव्या प्लेटवर पास करायचे, मंगळवारी प्लेटांत अगारची जेली ओतायची, मग दोनतीन दिवस नुसतं बघायचं. हे बघणं मला अजून आवडतं. दुपारी तीनच्या सुमाराला इन्क्युबेटरच्या खोलीत कोणी नसतं. बाहेर गारठा आणि आत ती उबदार घरघर. मी दार उघडून हात आत धरून उभी राहते आणि कुठल्या कुठे जाते. मॅडम त्याला माझी समाधी म्हणतात, कौतुकाने नाही. रविवारी दुपारी डोळा लागला तर स्वप्नातही तेच. मी अगारवर चालते आहे, मधाच्या रंगाची पारदर्शक जमीन दूरवर पसरलेली, तिच्यातून पांढरी झाडं न हलता उगवतायत. झाडं माझ्या उंचीची होतात तेव्हा मला कळतं की मी कोणाला तरी शोधायला आले होते. कोणाला, ते आठवत नाही. जाग येते तेव्हा चहाची वेळ टळून गेलेली असते.

उद्या संक्रांत. गोड बोलायचा दिवस. मी फोन केला असता, पण तू मार्ग ठेवलेला नाहीस, आणि बरोबर केलंस.

तुझी मैत्रीण,
भाग्यश्री


पुणे,
मंगळवार, २० जानेवारी २०२६

प्रिय दीक्षा,

नमस्कार. मागचं पत्र पोचलं असेल. उत्तर येणार नाही हे धरूनच लिहिते आहे.

तो उगवला. बुधवारी काही नव्हतं. गुरुवारी पांढरे ठिपके दिसले, बारीक साबुदाणा सांडल्यासारखे. शनिवारी ते कोरडे, पिठूळ झाले. रविवारी सुट्टी होती तरी मी गेले, आणि कडेकडेने तो रंग चढायला लागला होता. तुझा फिका जांभळा. झाकण किंचित उचललं तर कोऱ्या माठात पहिल्यांदा पाणी ओतल्यावर येतो तो वास. मी बराच वेळ तिथेच बसून राहिले. आईचा फोन आला तर ती म्हणते, "काऊन व भागे, आवाज असा काऊन येते तुहा?" मी म्हटलं, सर्दी आहे.

काल त्याचा तुकडा कापून रोगजंतूंच्या प्लेटवर ठेवला. आज सकाळी नऊ वाजता उघडलं.

वर्तुळ आलंय, दीक्षा. मी पट्टीने मोजलं, बावीस मिलिमीटर. तुझ्या फोटोत एकवीस होतं. तू काही बनवलं नव्हतंस.

आता ते, जे मागच्या वेळी टाळलं. तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठून पाणी प्यायले. चौथ्यांदा उठणार नाही.

१२ ऑगस्ट २०२४, सोमवार. तुझ्या बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. सकाळी तू फोन केलास, "भागे, आज माझं पास तू कर ना." मी केलं. तुझे चोवीस जीवाणू, चोवीस प्लेटा. आपल्या लॅबमध्ये पाऊल ठेवल्या ठेवल्या मॅडम एकच गोष्ट शिकवतात. नाव प्लेटच्या बुडावर लिहायचं, झाकणावर कधीच नाही, कारण झाकणं फिरतात. त्या दिवशी प्लेटा फ्रिजमधून नुकत्या काढलेल्या, बुडाला दव धरलेलं, पेन उमटेना. मी म्हटलं, आता झाकणांवर लिहू, कोरड्या झाल्या की खाली लिहू. मग वर टाकलेले जीवाणूंचे थेंब सुकावेत म्हणून झाकणं काढून बाजूला ठेवली. खिडकीबाहेर ढगांच्या सावल्या समोरच्या भिंतीवरून सरकत होत्या. मी त्या बघत बसले. माझं लक्ष कसं असतं ते तू जाणतेस. झाकणं परत ठेवली तेव्हा सात आणि एकवीस यांची अदलाबदल झाली, आणि खाली लिहायचं तर मी विसरूनच गेले.

अशी चूक कोणाच्याही हातून होते. मला सांगायचं आहे ते त्याच्या पुढच्या सोमवारचं.

१९ ऑगस्टला लॅबमध्ये सगळ्यांच्या आधी मी आले. इन्क्युबेटर उघडला. सात नाव घातलेली प्लेट पांढरीफट्ट. आणि एकवीस नाव घातलेली कडेने जांभळी होत होती. मी पाहिलं. मला तिथल्या तिथे कळलं. एकवीस निकामी म्हणून आदल्या आठवड्यातच मॅडमनी त्याच्यावर काट मारली होती आणि निकामी प्लेटा त्या सकाळी जंतू मारायच्या मोठ्या कुकरमध्ये जायच्या होत्या. महिपतीकाका ट्रे घेऊन उभे होते. "ह्यातलं काय ठिवायचं ऱ्हायलंय का?" त्यांनी विचारलं. मी "नाही" म्हणाले आणि ती प्लेट स्वतःच्या हाताने त्यांच्या ट्रेमध्ये ठेवली.

तुझा पेरू-सात मी उकडला. माहीत असताना.

का, हे दीड वर्ष स्वतःला विचारते आहे. उत्तर लाजिरवाणं आहे आणि छोटं आहे. त्याच महिन्यात मॅडमनी मला बजावलं होतं की लक्ष ठेवता येत नसेल तर दुसरा गाइड शोध. दारव्ह्याला बाबा भेटेल त्याला सांगत फिरत होते की आमची भागी शास्त्रज्ञ होऊन राहिली. मी भ्याले. आणि मी हिशोब केला की तुझी नळी फ्रीझरमध्ये आहेच, तू तिच्यातून तो पुन्हा उगवून घेशील, दोन आठवड्यांत सगळं जागच्या जागी येईल आणि कोणाला कळणारही नाही. पण तुझी नळी जागेवर नव्हती. मग पहिला आठवडा गेला, दुसरा गेला, तू तीच चुकीची प्लेट पुन्हा पुन्हा पास करत राहिलीस आणि मी शेजारच्या टेबलावर मूग गिळून बसले. तू माझ्याकडे वळून विचारलंस, "त्या दिवशी पास करताना काही वेगळं दिसलं होतं का गं?" मी म्हणाले, "नाही गं."

अजून एक. तू एकदा जिन्यात म्हणाली होतीस, "माझं आडनाव दुसरं असतं ना, तर सगळे म्हणाले असते, बिचारीचा जीवाणू हरवला. माझं आहे म्हणून म्हणतात, हिने बनवलं." मी तुला म्हटलं होतं की तू फार विचार करतेस. खरं तर तुझ्याबद्दल ते सगळ्यांना किती पटकन पटलं, हे मी डोळ्यांनी बघत होते. त्या पटण्याचा मला फायदा होत होता. कोणी माझ्या टेबलाकडे वळूनसुद्धा बघितलं नाही.

ऑक्टोबरमध्ये तू गेलीस. जाताना ड्रॉवर रिकामा केलास आणि मला तुझी चांगली चिमटी दिलीस. ती मी अजून वापरते. तुझं टेबल मला मिळालं, पेरूखालचे उरलेले जीवाणूही मिळाले, माझा अर्धा प्रबंध त्यांच्यावर उभा आहे. हे सगळं आता मॅडमना सांगायचं आहे. त्या मला काढून टाकतील, असं वाटतं. बैल गेला अन् झोपा केला म्हणतात, तसलं माझं हे खरं बोलणं, पण दुसरं काही माझ्याकडे नाही.

पत्र आधी पोस्टात टाकते आणि मग केबिनचं दार वाजवते. उलट क्रमाने केलं तर माझ्यावर माझा भरवसा नाही.

भाग्यश्री


पुणे,
रविवार, १ फेब्रुवारी २०२६

दीक्षा,

मागच्या पत्रानंतर काय काय झालं ते तुला तुकड्यातुकड्यांनी कळलं आहे. आज सलग लिहिते, कारण शेवटचा तुकडा कालचा आहे आणि तो तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये असं वाटतं.

मॅडमनी सगळं शांतपणे ऐकलं. पेनाचं टोपण लावत-काढत राहिल्या. मी थांबल्यावर म्हणाल्या, "म्हणजे दीड वर्ष तू रोज सकाळी मला गुड मॉर्निंग म्हणत होतीस." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आणि मी त्या मुलीला नळी शोधायला दोन दिवस दिले होते. दोन. फ्रीझर उपसायला मला कोणी मनाई केली होती का?" त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. पेरूखालचे सगळे जीवाणू माझ्याकडून काढून घेतले आहेत. "तुझं पुढे काय करायचं ते मार्चमध्ये ठरवीन. तोवर काकांबरोबर काचा धू," म्हणाल्या. मी धुते आहे. काम काही वाईट नाही, हात गरम पाण्यात असतात आणि मन भटकलं तरी कोणाचं नुकसान होत नाही.

मग त्यांनी तुला फोन केला, माफी मागितली, परत ये म्हणाल्या, आणि तू विचार करून सांगते म्हणालीस. हे मला त्यांनीच सांगितलं. त्याच संध्याकाळी माझा फोन वाजला. सव्वा वर्षात पहिल्यांदा तुझं नाव स्क्रीनवर. एका ओळीचा मेसेज होता. "केबिनमध्ये सांगितलंस म्हणे. माझा निकाल कॅन्टीनमध्ये लागला होता."

ती ओळ मी इतक्या वेळा वाचली की शेवटी नुसती अक्षरंच दिसायला लागली. रागच आला आधी, खोटं कशाला सांगू. वाटलं, आणखी किती? मग दोन दिवस काचा धुतल्या आणि राग कुठे गेला कळलं नाही. तू बरोबर होतीस. केबिनला दार असतं.

काल शनिवार होता. चार वाजता सगळे चहाला जमतात तसे जमले होते, आपल्या त्याच लांब टेबलावर, शेजारच्या लॅबचेही सातआठ जण. वडापावची ताटं आली होती. मी उभी राहिले. मी खुर्चीची पाठ धरली. म्हटलं, "मला दोन मिनिटं बोलायचं आहे." कोणीतरी म्हणालं, "लग्न ठरलं का?" सगळे हसले, मीही सवयीने हसले, आणि त्या हसण्यानंतर बोलणं फार अवघड गेलं.

पण सांगितलं. झाकणांचं, जांभळ्या रंगाचं, ट्रेचं, सगळं. दीक्षाने फोटो बनवला नव्हता, तिचा जीवाणू खरा होता, तो मी माहीत असून उकडला आणि तुम्ही तिला खोटी म्हणत होतात तेव्हा मी इथेच बसून चहा पीत होते, असं. अभिनवने हातातला वडा खाली ठेवला. फोटोशॉप हा शब्द पहिल्यांदा त्याने काढला होता, तुला माहीत आहे. तो उठून हात धुवायला गेला आणि परत आलाच नाही. पलीकडच्या लॅबमधली एक जण म्हणाली, "बापरे." महिपतीकाका दाराशी उभे होते. त्यांच्याकडे बघायची हिंमत मला झाली नाही, त्या सकाळी ट्रे त्यांच्याच हातात होता.

मला वाटलं होतं, आता सगळे माझ्यावर तुटून पडतील. त्याचीच मी तयारी करून आले होते. दीक्षा, तसं काहीच झालं नाही. टेबलावर बसलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त गेल्या जूनमध्ये आलेले. ते एकमेकांकडे बघत होते. आणि मग नम्रता म्हणून नवीन मुलगी आहे, फार भली आहे, तुझ्याच टेबलाच्या पलीकडे बसते, तिने अगदी सरळ मनाने विचारलं, "पण ताई, दीक्षा कोण?"

मी खुर्चीत बसले. तुझी जी बदनामी झाली ती धुवायला मी उभी राहिले होते, आणि तिथे बदनामीसुद्धा उरली नव्हती. तुझं नावच नव्हतं कुणाकडे. चार वर्षं तू त्या टेबलावर काढलीस, आणि एक मुलगी चहाचा कप हातात धरून विचारते, दीक्षा कोण. हे केलं मी. प्लेट उकडण्यापेक्षा हे मोठं आहे, आणि हे मला कालपर्यंत कळलं नव्हतं.

मी म्हटलं, "सांगते. बस."

आणि सांगत राहिले. कात्रजची माती घरच्या डब्यात आणून तोच डबा धुऊन दुसऱ्या दिवशी त्यातून सगळ्यांना पोहे खायला घालणारी. मॅडमच्या तोंडावर "हा प्रयोग करून काय सिद्ध होणार, आपण हुशार आहोत हे?" असं विचारणारी. नवीन मुलांना प्लेट हातात कशी धरायची ते स्वतःचं काम थांबवून शिकवणारी. मलाही तिनेच शिकवलं, हेही सांगितलं. पोरं ऐकत होती. कॅन्टीनवाल्याने टेबलं पुसली, आमचं पुसायचं राहिलं, कोणी उठलं नाही. तू गेल्यापासून तुझं नाव मी एकदाही मोठ्याने घेतलं नव्हतं. काल घ्यायला लागले आणि मला थांबता येईना. शेवटी नम्रता म्हणाली, "त्या परत येणार आहेत का?"

मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नाही. ये, असं मी म्हणणार नाही, ते मॅडमनी म्हणायचं आणि तू ठरवायचं. माफ कर असंही लिहीत नाही. ते लिहिलं की तुझ्यावर आणखी एक काम पडतं, आणि माझं काम तुझ्यावर टाकणं आता पुरे. तू आलीस तर मी समोर येणार नाही. नाही आलीस, तर दर जूनमध्ये नवीन मुलं येतील, त्यांना कोणीतरी सांगावं लागेल. मी असेन तोवर मी सांगेन.

जिच्या गप्प बसण्याने तू गेलीस, ती
भाग्यश्री